‘डोक्यावरून जातंय’: एका नाकारलेल्या पायलटचं पुनर्लेखन

फेब्रुवारी १९६५. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीच्या अधिकाऱ्यांना एका नव्या मालिकेचा पायलट दाखवला गेला. पायलट म्हणजे मालिका घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी बनवलेला नमुन्याचा भाग. हा भाग तासाभराहून थोडा मोठा होता. खर्च सहा लाख डॉलरच्या वर गेला होता, ठरलेल्या बजेटच्या बराच पुढे. काम देखणं झालंय हे पाहणाऱ्यांनीही मान्य केलं. तरी उत्तर नकाराचं आलं.

मालिका होती ‘स्टार ट्रेक’, ताऱ्यांमधून फिरणाऱ्या एका जहाजाची गोष्ट. पायलटचं नाव ‘द केज’, म्हणजे पिंजरा. लेखक आणि निर्माते जीन रॉडनबेरी. नकाराचं कारण म्हणून एक शब्द रॉडनबेरी पुढे आयुष्यभर सांगत राहिले: ‘सेरेब्रल’. आपल्याकडच्या मीटिंगमध्ये याचंच भाषांतर ‘डोक्यावरून जातंय’ असं होतं. टीव्हीसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. ते ऐकून घरी आल्यावर नेमकं काय बदलायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून हे प्रकरण अभ्यासाला घेतलं. एरवी नाकारलेला मसुदा खणात पडून राहतो आणि शिकणाऱ्याच्या हाती फक्त जिंकलेला मसुदा लागतो. इथे नापास झालेला पायलट आणि पास झालेला पायलट, दोन्ही पूर्ण पाहता येतात. एकच मालिका, एकच जहाज, पडद्यामागची बरीचशी माणसंही तीच. मधल्या काही महिन्यांत लेखनात काय हललं, ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

सोळा पानं

रॉडनबेरी नवखे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बर विमान चालवलं, मग प्रवासी विमानांवर वैमानिक होते, मग लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात नोकरी केली. पोलिसात असतानाच टीव्हीसाठी लिहायला लागले आणि १९५६ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाले. ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’ या वेस्टर्न मालिकेचे वीसहून जास्त भाग त्यांच्या नावावर आहेत. १९६३-६४ मध्ये ‘द लेफ्टनंट’ ही त्यांची स्वतःची मालिका एनबीसीवर आली आणि एका सीझनमध्ये संपली.

‘स्टार ट्रेक’च्या पिचवर, म्हणजे कल्पना विकण्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावावर, ११ मार्च १९६४ ही तारीख आहे. पानं सोळा. मी ती पानं नव्या लेखकांना वाचायला देते, कारण त्यांत विज्ञानकथेबद्दल फार कमी आणि टीव्हीबद्दल फार जास्त लिहिलेलं आहे.

पहिली गोष्ट तुलना. रॉडनबेरींनी आपली कल्पना समजावताना ‘वॅगन ट्रेन’ या वेस्टर्न मालिकेचा आधार घेतला. १९५७ साली सुरू झालेली ही मालिका १९६१-६२ च्या हंगामात अमेरिकेत सगळ्यात जास्त पाहिली गेली होती. पश्चिमेकडे निघालेला गाड्यांचा तांडा, तांड्यातली ठरलेली माणसं, आणि दर आठवड्याला भेटणारा कुणी नवा पाहुणा, त्याची गोष्ट. ‘तसंच, पण ताऱ्यांकडे’ असं म्हटल्याबरोबर समोरच्या माणसाला मालिकेचा साचा कळतो. पिच ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो: हे मला दर आठवड्याला काय देणार? तुलनेनं त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बरेच जण तुलना वापरतात ती आपली कल्पना किती मोठी आहे हे सांगायला. रॉडनबेरींनी ती कल्पना किती टिकाऊ आहे हे सांगायला वापरली.

दुसरी गोष्ट काळ. १९९५ असेल किंवा २९९५ही असेल, असं पानांवर आहे. माणसं आपल्यासारखी वाटावीत इतकं जवळ, आणि ताऱ्यांमधला प्रवास रोजचा झालेला असावा इतकं दूर. याहून जास्त खुलासा नाही. इंजिन कसं चालतं यावर पानं खर्ची घातलेली नाहीत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पिचमध्ये ‘समांतर जगं’ अशी एक कल्पना आहे: जहाज ज्या ग्रहांवर जाईल ते बहुतेक पृथ्वीसारखे असतील, तिथली माणसं आणि समाज आपल्या ओळखीचे वाटतील. कथेच्या दृष्टीनं हे सोयीचं आहेच. पण रॉडनबेरी तिथेच स्पष्ट लिहितात की त्यामुळे हाताशी असलेले नट, सेट, बाहेरची ठिकाणं आणि कपडेपट वापरून हे परवडणाऱ्या खर्चात करता येईल. म्हणजे निर्मात्याच्या कपाळावर आठी पडण्याआधीच लेखकानं ती ओळखली. पुढे माणसांना क्षणात ग्रहावर उतरवणारं ट्रान्सपोर्टर आलं तेही याच विचारातून. दर आठवड्याला अवजड जहाज उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं. शिवाय त्यामुळे पात्रं दुसऱ्या पानावरच गोष्टीत येऊन पडतात. खर्चाची अडचण कथेच्या वेगात बदलून घेणं हे कौशल्य शिकवून येत नाही, पण ते बघून शिकता येतं.

या सोळा पानांत कप्तानाचं नाव रॉबर्ट एप्रिल आहे आणि जहाजाचं यॉर्कटाउन. जहाजावर २०३ माणसं. कप्तानानंतरचा हुद्दा एका स्त्रीकडे, तिला फक्त ‘नंबर वन’ म्हणतात: थंड, हुशार, कामात चोख. स्पॉक हा परग्रहवासी अधिकारी आहे, पण तो ‘बहुधा अर्धा मंगळवासी’, लालसर कातडीचा. शेवटी पुढच्या भागांसाठी कथाबीजांची यादी, प्रत्येकाला दोन-चार ओळी. ती यादीही पिचचाच भाग आहे. मालिकेचा झरा आटणार नाही याचा तो पुरावा.

दारोदार

डेसिलू या स्टुडिओनं रॉडनबेरींना करारावर घेतलं. अभिनेत्री लुसिल बॉल यांच्या मालकीचा हा स्टुडिओ तेव्हा नव्या मालिकांच्या शोधात होता. डेसिलूच्या माणसांबरोबर रॉडनबेरी आधी सीबीएस या दुसऱ्या वाहिनीकडे गेले. त्यांच्या सांगण्यानुसार तिथल्या लोकांनी खूप वेळ तपशिलात प्रश्न विचारले, हे खर्चात कसं बसवणार ते समजून घेतलं, आणि शेवटी सांगितलं की आमच्याकडे अशीच एक मालिका तयार होतेय. ती ‘लॉस्ट इन स्पेस’. सप्टेंबर १९६५ मध्ये ती सुरूही झाली. रॉडनबेरींना याचा राग पुढे बराच काळ होता. तो राग मला समजतो.

मग एनबीसी. या वेळी सोबत डेसिलूचे हर्बर्ट सोलो होते. वाहिनीनं लगेच पूर्ण मालिका मागितली नाही, आधी तीन कथांचे आराखडे मागितले. तिन्हींतून त्यांनी ‘द केज’ निवडली. तिन्हींत करायला अवघड अशीच ती होती. पुढे घोटाळा झाला त्याचं मूळ इथे आहे: डेसिलू हे पेलू शकेल का हे पाहायला अवघड कथा निवडली गेली, आणि मालिका दर आठवड्याला कशी दिसेल हा प्रश्न बाजूला पडला. निवडलेली कथा नमुना म्हणून बरोबर नव्हती हे वाहिनीनंही नंतर कबूल केलं, असं स्टुडिओच्या लोकांनी सांगितलंय. लिहिणाऱ्यानं हा भेद ओळखायला हवा. चांगली कथा आणि चांगला पायलट या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पिंजऱ्यातला नायक

‘द केज’चं चित्रीकरण २७ नोव्हेंबर १९६४ ला सुरू झालं आणि तीन आठवडे चाललं. दिग्दर्शक रॉबर्ट बटलर. आता कप्तान ख्रिस्तोफर पाइक, भूमिका जेफ्री हंटर यांची. जहाज एंटरप्राइझ.

सुरुवातीचं एक दृश्य जवळून पाहू. जहाजाला मदतीचा एक जुना संदेश मिळतो. कुणी जिवंत असल्याची खूण नाही, म्हणून पाइक जहाज वळवत नाही आणि आपल्या खोलीत जातो. मागोमाग म्हातारा डॉक्टर बॉइस येतो, पेटी उघडतो, आणि औषधाऐवजी पेय ओतू लागतो. कप्तान बोलू लागतो. आधीच्या मोहिमेत माणसं गेली, त्याचं ओझं आहे. २०३ जिवांची जबाबदारी वाहून मी थकलोय, कोण जाणार आणि कोण राहणार, कोण जगणार आणि कोण मरणार हे ठरवून थकलोय, असं तो म्हणतो. नोकरी सोडायची भाषा करतो. घरी जावं, घोड्यावर रपेट मारावी.

दृश्य म्हणून हे उत्तम आहे. संवाद माणसाच्या तोंडचे वाटतात, डॉक्टरचं वय आणि कप्तानाचा थकवा दोन्ही खरे वाटतात. पण पायलट म्हणून विचार करा. ज्या माणसाबरोबर प्रेक्षकानं दर आठवड्याला निघायचं, तो पहिल्याच भागात म्हणतोय की मला निघायचंच नाही.

आणि पुढे गोष्ट त्याचं म्हणणं खरं करते. टॅलोस ४ या ग्रहावर मोठ्या डोक्यांचे, मनात भ्रम उभे करू शकणारे लोक त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवतात. सोबतीला व्हायना ही स्त्री, तिथे कोसळलेल्या जहाजातून वाचलेली. मग भ्रमांमागून भ्रम: किल्ल्यातली झुंज, घराजवळची सहल, हिरव्या त्वचेची नर्तकी. प्रत्येक भ्रमात पाइक पाहतो, झगडतो, नाकारतो. पण ठरवत काहीच नाही. निर्णयांना कंटाळलेल्या माणसाला अशा जागी आणून ठेवलंय जिथे निर्णय घ्यायला वावच नाही. विषयाच्या दृष्टीनं ही रचना अचूक आहे, नाट्याच्या दृष्टीनं ती नायकाचे हात बांधते. शेवटाकडचा मोठा निर्णयसुद्धा, गुलामीपेक्षा मरण पत्करून शस्त्र स्फोटासाठी लावण्याचा, नंबर वन घेते.

वाहिनीला हे असं शब्दांत मांडता आलं नाही. त्यांना मांडता यायलाच हवं असंही नाही, ते त्यांचं काम नव्हे. बघताना आपण बाहेर राहिलो एवढं त्यांना जाणवलं, आणि त्या जाणिवेला त्यांनी हाताशी असलेला शब्द दिला: फार डोक्याचं आहे, ॲक्शन कमी आहे. त्याशिवाय नर्तकीचं प्रकरण जास्त कामुक वाटलं ही तक्रारही होती.

दुसरी संधी

एनबीसीनं जे केलं ते त्या काळी जवळपास कुणी करत नसे: दुसरा पायलट मागितला. कल्पनेवर त्यांचा विश्वास होता, भागावर नव्हता. मार्च १९६५ मध्ये हे ठरलं. जेफ्री हंटर परत यायला तयार झाले नाहीत.

या टप्प्यावर काय काय काढायला सांगितलं गेलं याच्या दोन हकिकती आहेत. रॉडनबेरी सांगत की वाहिनीला जहाजाच्या दुसऱ्या हुद्द्यावर बाई नको होती आणि टोकदार कानांचा परग्रहवासीही नको होता, तेव्हा त्यांनी बाई सोडली आणि परग्रहवासी राखला. हर्बर्ट सोलो आणि पहिल्या पायलटपासून निर्मितीत असलेले रॉबर्ट जस्टमन यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात वेगळं लिहिलंय: वाहिनीचा आक्षेप हुद्द्यावर बाई असण्याला नव्हता, त्या भूमिकेत मॅजेल बॅरेट असण्याला होता. बॅरेट आणि रॉडनबेरी यांचं तेव्हा नातं होतं, पुढे १९६९ मध्ये त्यांनी लग्न केलं.

मला दुसरी हकिकत जास्त पटते, कारण सोलो आणि जस्टमन यांना त्यात स्वतःला मोठं करून घ्यायचं काही नव्हतं. पण लेखकासाठी यातला धडा दोन्ही हकिकतींत तोच राहतो. नोट, म्हणजे पटकथेवर वाहिनीकडून येणारी सूचना, तोंडून तोंडी जाताना बदलते. ‘ही नटी नको’ याचं ‘ही भूमिका नको’ होतं, आणि मग आपण पटकथेतून एक चांगलं पात्र उपटून टाकतो. नोट आली की आधी विचारावं: नक्की कुठल्या क्षणी तुम्ही बाहेर पडलात? उपाय नका सांगू, क्षण सांगा. नंबर वन गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. १९६४ मध्ये हुकूम देणारी, चूक न करणारी स्त्री टीव्हीसाठी लिहिली गेली होती आणि मालिकेत तिला कायमची जागा मिळाली नाही.

स्पॉकच्या कानांची भीती मात्र खरी होती. वाहिनीच्या विक्री विभागानं जाहिरातीच्या माहितीपुस्तिकेत स्पॉकच्या फोटोवर रंगकाम करून कान आणि भुवया साध्या करून टाकल्या होत्या. रॉडनबेरी इथे हटले नाहीत.

आणि मग त्यांनी जे केलं ते पुनर्लेखनातलं मला सगळ्यात सुंदर वाटणारं काम आहे. नंबर वन गेली, पण तिचा स्वभाव वाया जाऊ दिला नाही. ‘द केज’मधला स्पॉक ग्रहावरची थरथरणारी निळी पानं पाहून हसतो, जहाजावर ओरडतो. तो अजून कुणीच नाही, नुसता वेगळा दिसणारा अधिकारी. नंबर वनचा थंडपणा, तिची तर्कावर चालणारी बुद्धी स्पॉकला दिली गेली. त्यातून भावनेला दूर ठेवणारा स्पॉक उभा राहिला, जो आज जगभर ओळखला जातो. एखादं पात्र कापावं लागलं तर आधी बघावं की ते कोणतं काम करत होतं. काम उरतंच, फक्त ते करणारा बदलतो.

तीन पटकथा

दुसऱ्या पायलटसाठी तीन पटकथा तयार झाल्या. ‘मड्स विमेन’, ‘द ओमेगा ग्लोरी’ आणि सॅम्युअल पीपल्स यांची ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’. वाहिनीनं तिसरी निवडली. उरलेल्या दोन्ही पुढे मालिकेत वापरल्या गेल्या, पहिली १९६६ मध्ये, दुसरी १९६८ मध्ये.

आता हा दुसरा पायलट जवळून पाहू. चित्रीकरण जुलै १९६५, दिग्दर्शक जेम्स गोल्डस्टोन. जहाजाचे सेट आधीचेच होते, त्यामुळे खर्च साडेतीन लाखांच्या आसपास उरकला आणि काम दीड आठवड्यात झालं. कप्तान आता जेम्स कर्क, भूमिका विल्यम शॅटनर यांची.

पहिलं दृश्य: कर्क आणि स्पॉक, तीन मजली बुद्धिबळाचा पट. स्पॉकनं हिशेब करून ठेवलाय, पुढच्या चालीत मात आहे. कर्क म्हणतो की तुम्ही फार चिडवणारं खेळता. स्पॉक विचारतो, चिडणं, ही तुम्हा पृथ्वीवाल्यांची एक भावना ना? कर्क खेळी करतो, स्पॉकच्या हिशेबात नसलेली. स्पॉकचा चेहरा पडतो. कर्क विचारतो, चिडणं म्हणजे काय हे तुम्हाला नक्की माहीत नाही ना? एवढ्यात हाक येते आणि दोघं उठतात.

मिनिटभराचं काम. त्यात दोघांचं नातं आलं, एक हिशेबानं चालतो आणि दुसरा हिशेबाबाहेरची चाल खेळतो हे आलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या तासाभराचा झगडा आधीच पटावर मांडून झाला. कर्क थकलेला नाही. त्याला खेळायचंय. ‘द केज’मध्ये याच जागी कप्तान डॉक्टरला नोकरी सोडण्याबद्दल सांगत होता. लेखकानं दोन्ही दृश्यं एकामागोमाग पाहावीत. बजेटशिवाय, नव्या सेटशिवाय, एका सुरुवातीतून मालिकेची दिशा कशी बदलते ते कळतं.

गोष्ट अशी: आकाशगंगेच्या कडेवर जहाजाला दोनशे वर्षांपूर्वी हरवलेल्या ‘व्हॅलियंट’ या जहाजाची नोंदपेटी सापडते. त्या जहाजाच्या कप्तानानं शेवटी स्वतःच जहाज नष्ट करायचा हुकूम दिला होता. एंटरप्राइझ कडेपलीकडे जायला बघतं, एका शक्तीच्या पट्ट्यात सापडतं, आणि कर्कचा जुना मित्र गॅरी मिचेल बदलू लागतो. डोळे चंदेरी होतात, मनाच्या शक्ती तासागणिक वाढतात, आणि तो स्वतःला देव समजू लागतो.

नीट बघितलं तर विषय तोच आहे. ‘द केज’मध्येही मनाच्या अफाट शक्ती होत्या, इथेही आहेत. माणसानं देवाच्या ताकदीशी कसं वागावं हा प्रश्न तिथेही होता. ‘डोक्यावरून जातंय’ म्हणून डोकं काढून टाकलेलं नाही. विचार तेवढाच खोल आहे. बदलली ती शक्तीची जागा. पहिल्यात ती परक्यांकडे होती आणि नायक त्यांच्या हातात होता. दुसऱ्यात ती मित्राकडे आली आणि त्या मित्राचं काय करायचं हे नायकाच्या हातात आलं.

दुसरं दृश्य. स्पॉक कर्कला सांगतो: मिचेलला त्या निर्जन ग्रहावर सोडून द्या, नाहीतर अजून जमतंय तोवर मारून टाका. कर्क भडकतो. हा तोच मिचेल, ज्यानं एकदा कर्कवर रोखलेला विषारी बाण स्वतःच्या अंगावर घेतला होता. निदान हृदय असल्यासारखं वागा, आपण गॅरीबद्दल बोलतोय, असं तो म्हणतो. स्पॉक शांतपणे म्हणतो की व्हॅलियंटच्या कप्तानालाही बहुधा असंच वाटलं असेल, आणि त्यानं निर्णय घ्यायला फार उशीर केला.

एका वाक्यात सगळं जुळून येतं: सापडलेली नोंदपेटी, स्पॉकचा हिशेब, कर्कची मैत्री, आणि टिकटिकणारं घड्याळ. पुढे शेवटी हाणामारी आहे, फेझर रायफल आहे, कोसळणारा खडक आहे. वाहिनीनं मागितलेली ॲक्शन मिळाली. पण मला ठाम वाटतं की हा पायलट पास झाला तो हाणामारीनं नव्हे. ती येण्याआधीच प्रेक्षक कर्कच्या जागी उभा असतो आणि मनातल्या मनात ठरवत असतो. फेब्रुवारी १९६६ मध्ये एनबीसीनं मालिका घेतली.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका पायलटवर वाहिनीकडून ‘संथ आहे’ अशी नोट आली. मी दोन दृश्यं कापली, एक पाठलाग घातला आणि परत पाठवलं. तीच नोट परत आली. तिसऱ्यांदा पानं समोर घेऊन बसले तेव्हा दिसलं की पहिल्या अठरा पानांत नायिकेला सगळे काही ना काही सांगत होते, विचारत कुणीच नव्हतं. मी पाठलाग काढून टाकला आणि सहाव्या पानावर तिच्या बहिणीला दारात आणून उभं केलं, जिला रात्र होण्याआधी ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं. पानं दोन वाढली. संथपणाची नोट पुन्हा आली नाही.

उरलेली रिळं

८ सप्टेंबर १९६६ ला मालिका सुरू झाली. दुसरा पायलट २२ सप्टेंबरला, तिसरा भाग म्हणून दाखवला गेला. त्याच्या नावातले शब्द प्रत्येक भागाच्या सुरुवातीच्या निवेदनाची शेवटची ओळ झाले. पण लगेच निर्मितीची ओढाताण सुरू झाली. पटकथा वेळेत येत नव्हत्या, दृश्यपरिणामांना वेळ लागत होता, आणि प्रक्षेपणाची तारीख कुणासाठी थांबत नव्हती. कपाटात मात्र तासाभराचा तयार माल पडून होता: ‘द केज’.

रॉडनबेरींनी त्याभोवती एक चौकट लिहिली आणि दोन भागांचं ‘द मेनॅजरी’ तयार झालं. १७ आणि २४ नोव्हेंबर १९६६ ला ते दाखवलं गेलं. चौकट अशी: पाइक आता अपघातानं पूर्ण जायबंदी, चाकाच्या खुर्चीत बंद, फक्त दिवा लुकलुकवून ‘हो’ आणि ‘नाही’ सांगू शकणारा. स्पॉक, आपल्या जुन्या कप्तानाशी इमान राखणारा, एंटरप्राइझ पळवतो आणि टॅलोस ४ कडे नेतो, जिथे जाण्याची शिक्षा मृत्यू आहे. वाटेत त्याच्यावर लष्करी खटला चालतो आणि पुरावा म्हणून तो पडद्यावर जुनी हकिकत दाखवतो. ती हकिकत म्हणजे ‘द केज’ची रिळं.

बहुतेक जुनी दृश्यं जशीच्या तशी आहेत. डॉक्टर तेच पेय ओततो, पाइक तेच म्हणतो, नर्तकी तशीच नाचते. पण आता ती बघणारे कर्क आणि न्यायमंडळ समोर बसलेत, आणि प्रत्येक दृश्यावर एक प्रश्न टांगलेला आहे: स्पॉकनं गळ्याला फास लावून हे का केलं? जे दृश्य पहिल्या वेळी नुसतं पाहायचं होतं, त्यावर आता कुणाचा तरी जीव अवलंबून आहे. पुढच्या वर्षी या दोन भागांना विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. नाकारलेल्या पायलटमधली बरीचशी फिल्म त्या पुरस्कारात आहे.

शेवटाची जुळणी बघण्यासारखी आहे. ‘द केज’च्या शेवटी पाइक व्हायनाला तिथेच सोडून जहाजावर परततो. ती अपघातात विद्रूप झालेली, भ्रमातच सुंदर राहू शकणारी. ग्रहावरचे लोक तिची सोबत म्हणून पाइकचा एक भ्रम तयार करतात, आणि ती त्या भ्रमाचा हात धरून खडकातल्या दाराकडे चालत जाते. ‘द मेनॅजरी’च्या शेवटी जायबंदी पाइक टॅलोसवर राहायला कबूल होतो. कर्क पडद्याकडे बघतो. पडद्यावर तीच जुनी फ्रेम येते: तेच दोघं, तोच हातात हात, तेच दार. या वेळी तिच्या शेजारी चालणारा खरा पाइक आहे.